पायऱ्यांचे पाणी आणि नारू

काशीक्षेत्रात पंचगंगा घाटाच्या दक्षिणेस लागूनच बालाजी घाट आहे. पेशव्यांच्या नावाशी परंपरेने जोडलेला हा घाट महाराष्ट्राला परका नाही. त्याच्या आसपास, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या गल्ल्यांतून, मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या नांदत आली. घाटावरील बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी आपल्या सनईचा रियाज केला, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. नदीच्या काठाने थोडे दक्षिणेस गेले की नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो. त्यापुढे शिंद्यांचा घाट आहे, आणि त्याच्या बांधकामाचा भार इतका मोठा होता की तो काही अंशी जमिनीत खचला. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी उभारले. अठराव्या शतकात मराठी सत्तेने उत्तरेत जे मिळविले त्यातील पुष्कळसे पुढे गेले, परंतु दगडांच्या पायऱ्या मात्र राहिल्या.

या पायऱ्यांमागे एक साधी कल्पना आहे. पाणी खोल असते, माणूस उंचावर असतो, आणि या दोहोंमधील अंतर ज्याने सुलभ केले त्याने पुण्य जोडले. वृद्धाला, बाईला, लेकराला हात धरून पाण्यापर्यंत जाता यावे, ओंजळ भरता यावी, पाय बुडविता यावेत, ही घाट बांधणाऱ्याची इच्छा असे. काशीत ज्यांनी घाट बांधले त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शेकडो लहानथोर दात्यांनी घरी परतल्यावर हीच कल्पना देशावरच्या कोरड्या मुलखात राबविली. तेथे गंगा नव्हती. मग जमीन खोदून पाणी शोधावयाचे आणि त्या पाण्यापर्यंत पायऱ्या उतरवावयाच्या. मराठवाड्यात तिला बारव म्हणतात, अन्यत्र पायविहीर म्हणतात. यादवांच्या काळापासून अशा विहिरी महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याजवळ लिंब येथे शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी बांधविलेली बारा मोटांची विहीर या परंपरेतील एक देखणे शिल्प होय. गावोगावी इतकी सुंदर नसली तरी त्याच जातीची एखादी विहीर असावयाचीच, आणि तिच्या कोनाड्यात एखादा गणपती किंवा जलदेवता बसलेली असावयाची.

या पुण्याईच्या पायऱ्यांवरूनच एक कृमी शतकानुशतके माणसांच्या देहात उतरत राहिला. लोक त्याला नारू म्हणत.

नारू हे नाव जुने आहे. संस्कृत वैद्यकात ‘स्नायुक’ या नावाने हा रोग येतो. बाहेर पडणारा कृमी पांढऱ्या स्नायूसारखा किंवा तातीसारखा दिसतो म्हणून ते नाव पडले असावे. स्नायू या शब्दाचे पालीत ‘नहारु’ झाले, हिंदीत ‘नहरुआ’ रूढ झाले, आणि मराठीत त्याचा संक्षेप होऊन नारू उरला, अशी ही वाट दिसते. काशीचा संबंध येथे पुन्हा येतो. गोस्वामी तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या उत्तरकांडात मनाच्या रोगांचे वर्णन केले आहे. काकभुशुंडी गरुडाला ते रोग एकेक करून सांगतो, आणि दंभ, कपट, मद आणि मान यांना नहरुआची उपमा देतो. उपमा अशी की ऐकणाराने तो रोग पाहिलेला असल्यावाचून तिचा अर्थ लागू नये. सोळाव्या शतकातील उत्तर हिंदुस्थानच्या श्रोत्याला ती समजावून सांगावी लागत नव्हती. आत गुपचूप वाढत राहतो, वर्षभर पत्ता लागू देत नाही, आणि मग कातडी फोडून बाहेर येतो. दंभाला याहून नेमकी उपमा दुसऱ्या कोणत्या व्याधीत मिळाली असती?

हा रोग माणसाला मारीत नसे, आणि म्हणूनच त्याच्याकडे सरकारांचे लक्ष फार उशिरा गेले. देवी, पटकी, प्लेग यांची मृत्यूसंख्या वर्तमानपत्रांत येई. नारूने कोणी मेला तर तो जखम चिघळून, धनुर्वात होऊन. त्याची नोंद वेगळ्या सदराखाली पडे. परंतु शेतकऱ्याच्या हिशेबात नारू हा मोठा खर्चाचा रोग होता. पायाच्या घोट्याजवळ किंवा पोटरीवर प्रथम खाज सुटे, अंगावर पित्त उठे, मग एक फोड येई आणि त्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होई. फोड फुटला की त्यातून दोऱ्यासारखा पांढरा कृमी डोके काढी. त्याची लांबी दोन ते तीन फूट, जाडी एखाद्या जाड सुताएवढी. तो एका दिवसात निघत नसे. बारीक काडीला त्याचे टोक गुंडाळावयाचे आणि रोज बोट दोन बोटे काडी फिरवावयाची. असे कित्येक आठवडे. घाई केली आणि कृमी तुटला तर आतला भाग आक्रसून जाई, सारा पाय सुजे आणि पू होई. एकाच माणसाला एकाच वेळी दोन, तीन किंवा त्याहून अधिक नारू निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. गुडघ्याच्या सांध्यात तो शिरला तर पाय कायमचा आखडावयाचा.

आणि हे सारे केव्हा? पायविहिरींच्या मुलखात चैत्र वैशाखापासून मृगापर्यंत. विहिरीचे पाणी तळाशी गेलेले असते तेव्हा लागण होते. सुमारे वर्षाने, पुन्हा त्याच दिवसांत, कृमी बाहेर पडू लागतो. म्हणजे नांगरट, कुळवणी आणि पेरणी ज्या दिवसांत उरकावयाची त्याच दिवसांत घरातील कर्ता माणूस पाय वर बांधून ओसरीवर पडलेला असावयाचा. पाऊस कोणासाठी थांबत नाही. ज्या घरात बैल आहेत आणि बियाणे आहे, परंतु औतामागे चालावयास पाय नाहीत, त्या घराचे वर्ष गेले म्हणून समजावे. सावकाराच्या वहीत त्या वर्षीच्या कर्जाचे कारण ‘नारू’ असे लिहिलेले नसेल. पण कारण तेच असे. आफ्रिकेत माली देशातील दोगोन लोकांत या रोगाला रिकाम्या कणगीचा रोग अशा अर्थाचे नाव होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन खंडांतील शेतकऱ्यांनी एकमेकांस न विचारता एकच हिशेब मांडला होता.

या रोगावर उपचार म्हणून काडी सोडून दुसरे काही खात्रीचे नव्हते, आणि आजही नाही. झाडपाल्याचे लेप होते, पोटिसे होती, मंत्र होते. नारूच्या काडीवरूनच वैद्यकशास्त्राच्या चिन्हातील दंड आणि त्यावरचा सर्प आला, असे काही पाश्चात्य विद्वान म्हणतात. तो तर्क आकर्षक आहे, पण तर्कच आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक अगाथार्किडीस याने तांबड्या समुद्राकाठच्या लोकांत हा रोग वर्णिला होता. इब्न सिना याने त्याचे निदान आणि उपचार लिहिले. लिनियसने प्राण्यांच्या वर्गीकरणात मदिना शहरावरून त्याला नाव दिले. इजिप्तमधील एका ममीच्या देहातही चुना होऊन गेलेला नारू सापडला. इतकी प्रदीर्घ ओळख असूनही तो शरीरात येतो कोठून, या एका प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणाकडे नव्हते.

ते उत्तर एका अगदी भिन्न वाटेने आले. त्या वाटेवर नारूचा एक दूरचा भाऊबंद भेटतो, आणि तो डुकराच्या मांसातून माणसात येतो. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाचा एक विद्यार्थी एका प्रेताचे विच्छेदन पाहत होता. स्नायूंत वाळूचे कण असावेत तसे काही त्याला दिसले. असे कण पूर्वीही दिसत असत. शस्त्रांची धार बोथट होते एवढीच त्याबद्दलची तक्रार असे. पॅजेटने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा प्रत्येक कणात वेटोळे घालून बसलेला एक कृमी आढळला. रिचर्ड ओवेन याने त्याला नाव दिले, आणि पुढे तो ट्रिकिनेला म्हणून ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत जोसेफ लीडी याने १८४६ साली डुकराच्या मांसात तोच कृमी पाहिला. तरीही हा निरुपद्रवी पाहुणा आहे, अशीच समजूत राहिली. १८६० साली ड्रेस्डेन येथे झेंकर नावाच्या डॉक्टरने विषमज्वर समजून दाखल केलेल्या एका मोलकरणीच्या मृत्यूचा शोध घेतला. तिच्या स्नायूंत असंख्य कृमी होते. ती ज्या घरी कामाला होती तेथे मारलेल्या डुकराच्या मांसातही ते होते, आणि ते मांस खाणारे इतर लोकही आजारी पडले होते. दुवा जुळला. पाचच वर्षांनी हेडर्सलेबेन या लहानशा जर्मन गावात कच्चे मांस खाण्याच्या चालीमुळे तीनशेवर माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. त्यानंतर विर्खो आदी डॉक्टरांच्या आग्रहामुळे जर्मनीत मारलेल्या प्रत्येक डुकराचे मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची व्यवस्था सुरू झाली. गावोगावचा न्हावी, शिक्षक, कारकून हे काम शिकून करू लागले. साथीच्या रोगाविरुद्ध एवढ्या बारकाईने चाललेले सरकारी काम त्या काळात दुसरे क्वचितच दाखविता येईल.

आपल्याकडे या डुकराच्या कृमीचा इतिहास तोटकाच आहे. १९४२ साली कलकत्त्यात एका मांजरात आणि १९५४ साली मुंबईत राणीच्या बागेतील एका प्राण्यात तो सापडल्याची नोंद आहे. माणसांतील प्रादुर्भाव मात्र बराच नंतर, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, उत्तराखंडच्या डोंगरांत रानडुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ल्याने आढळला. आपल्याकडे मांस खाणारेही ते रटरटून शिजवितात. त्या सवयीचा या तोटक्या इतिहासाशी संबंध नसेल असे म्हणवत नाही. तो कृमी आतपर्यंत शिजलेल्या मांसात जगू शकत नाही.

परंतु या संशोधनाने एक विचार शास्त्रज्ञांच्या मनात पक्का रुजविला. कृमी आपोआप उत्पन्न होत नाहीत. एका प्राण्याच्या देहातून दुसऱ्याच्या देहात ते प्रवास करतात, आणि तो प्रवास बहुधा तोंडावाटे होतो. ट्रिकिनेलाचा जीवनक्रम उलगडण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट याने हाच विचार नारूला लावला. माशांत राहणाऱ्या एका कृमीची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात वाढतात, असे त्याने दाखविले होते. नारूचेही तसेच असावे, असा त्याचा अंदाज होता. तो पारखून पाहण्याची संधी त्याचा तरुण रशियन मित्र अलेक्सेई फेदचेन्को याला मिळाली. तुर्कस्तानच्या मोहिमेवर गेलेल्या फेदचेन्कोने १८७० साली समरकंदच्या मुलखात नारूची पिले सायक्लॉप्सच्या देहात शिरताना आणि तेथे वाढताना पाहिली. तीन वर्षांनी, वयाची तिशीही गाठण्यापूर्वी, आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँच्या हिमनदीवर त्याचा अंत झाला.

मुंबईही या शोधापासून दूर नव्हती. १८५० नंतरच्या दशकात कंपनी सरकारच्या नोकरीतील डॉक्टर हेन्री जॉन कार्टर याने मुंबई बेटावरील तलावांचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. तलावात सापडणारे बारीक कृमी आंघोळ करणाराच्या कातडीतून आत शिरतात आणि तेच पुढे नारू होतात, असे त्याचे मत झाले. मत चुकीचे होते, पण दृष्टी योग्य जागी लागली होती. हवेवर आणि मातीवर ठपका ठेवणाऱ्यांच्या काळात तो पाण्याकडे पाहत होता. १९०५ च्या सुमारास आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करणाऱ्या रॉबर्ट लीपर याने अखेरचा दुवा दाखविला. पोटातील आम्लाइतक्या तीव्र द्रवात सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या आतील नारूचे पिल्लू जिवंत बाहेर पडते. आणि असे सायक्लॉप्स माकडाला पाजले असता त्याच्या देहात नारू वाढतो. पुढील काही वर्षांत परळच्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे ज्या संस्थेचे १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट असे नामकरण झाले तेथे, डॉ. डी. ए. तर्खड यांनी नारूच्या प्रसाराचा आणि प्रतिबंधाचा अभ्यास हाती घेतला. इंग्रजी ग्रंथांत त्यांचे आडनाव तुरखुड असे छापले जाते, आणि त्यामुळे मराठी वाचकाच्या नजरेतून ते निसटते.

आता सारी साखळी जुळली. नारूची मादी माणसाच्या पायात फोड आणते. आगीने कासावीस झालेला माणूस पाय थंड पाण्यात बुडवितो. फोड फुटतो आणि दुधासारख्या द्रवातून लक्षावधी पिले पाण्यात पडतात. ती थोडेच दिवस जगतात. तेवढ्या अवधीत सायक्लॉप्सने त्यांना खाल्ले तर दोनेक आठवड्यांत ती माणसास बाधण्याजोगी होतात. ते पाणी न गाळता कोणी प्याला की सायक्लॉप्स पोटात मरतो, पिले आतड्याची भिंत ओलांडून जातात, देहाच्या पोकळीत वाढतात. समागमानंतर नर मरून जातो, आणि मादी सुमारे वर्षभराने पायाकडे वाट काढते.

या साखळीत दोन गोष्टी एकाच ठिकाणी घडाव्या लागतात. रोग्याचा पाय पाण्याला लागला पाहिजे, आणि त्याच पाण्यातून पिण्याची घागर भरली गेली पाहिजे. पाणीही साचलेले असावे लागते. वाहत्या धारेत पिले पसरून जातात आणि सायक्लॉप्सलाही थारा मिळत नाही. बालाजी घाटावर गंगेत पाय बुडविणाऱ्या यात्रेकरूमुळे हा रोग पसरण्याचे कारण नव्हते. पात्र रुंद, धार अखंड. हीच पायरी जेव्हा देशावरच्या बंदिस्त बारवेत उतरली, तेव्हा मात्र तिने रोग्याचा पाय आणि निरोग्याची घागर अगदी शेजारी आणून ठेविली. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले की घागर बुडविण्यासाठी घोटाभर, गुडघाभर पाण्यात उतरावेच लागे. बांधणाऱ्याची दयाबुद्धी आणि कृमीची गरज एकाच रचनेत भागत होती. उलट, ज्या विहिरीला पायऱ्या नाहीत, कठडा आहे, रहाट किंवा दोर आहे, तेथे रोग्याचा पाय पाण्यापर्यंत पोचतच नसे. एकाच गावात आडाचे पाणी पिणारी आळी नारूमुक्त आणि पायविहिरीची आळी नारूने ग्रासलेली, असा प्रकार यातूनच होई.

उपाय समजला म्हणजे काम झाले असे शासनव्यवहारात सहसा घडत नाही. उपाय तर सोपे होते: पायऱ्या बुजवा, विहिरीला कठडा घाला, पाणी दुपदरी फडक्यातून गाळा, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका. परंतु पायऱ्या बुजवा म्हणजे काय? पणजोबाने बांधलेली विहीर मोडा. जेथे नवी नवरी पाणी पूजावयास जाते आणि गौरीचे खडे आणले जातात ती जागा बंद करा. आड ओढावयाचा तर रोज दोराशी झटापट. शिवाय एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाण्याच्या पायऱ्या सर्वांना खुल्या नव्हत्या. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह जे पाणी घेतले, ते पायऱ्या उतरण्याच्या हक्कासाठीच. ज्यांना तो हक्क नाकारला गेला होता त्यांच्या वाट्याला बहुधा आणखी वाईट, डबक्याचे आणि ओढ्यातील झऱ्याचे पाणी येई. पाण्याचा प्रश्न नुसता कृमीचा नव्हता, आणि ज्या अधिकाऱ्याने तो तसा मानला त्याला गावात कोणी फारसे ऐकले नसावे.

दुसऱ्या देशात एका शहराने हे काम करून दाखविले होते. मध्य आशियातील बुखारा शहर पायऱ्यांच्या हौदांसाठी प्रसिद्ध होते. लोक त्या हौदांत पाय धूत आणि पखाली त्याच पाण्याने भरल्या जात. तेथील न्हावी नारू काढण्यात वाकबगार मानले जात. १९२० नंतरच्या दशकात रशियन डॉक्टर लिओनिद इसायेव याने हौद उपसले, साफ केले, रोग्यांची यादी करून प्रत्येकावर नजर ठेवली, आणि नळाचे पाणी आल्यावर कित्येक हौद बुजविले. १९३१ साली तेथील अखेरचा रोगी नोंदला गेला. लस नाही, औषध नाही. केवळ पाण्याची व्यवस्था बदलून एक रोग एका प्रांतातून नाहीसा झाला, हे जगाने प्रथम तेथे पाहिले.

त्याच सुमारास आपल्या शेजारी, जुन्या म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग जिल्ह्यात, डॉ. व्ही. एन. मूर्ती आणि रॉकफेलर फाउंडेशनचे डॉ. स्वीट यांनी पायविहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. मासे आपले काम करीत. लोकांनी ते पकडून खाऊ नयेत एवढीच अडचण असे. मूर्ती यांनी प्रयोगादाखल कुत्र्यांनाही नारूची लागण करून दाखविली. त्या प्रयोगाचे महत्त्व पुढे ऐंशी वर्षांनी कळावयाचे होते.

महाराष्ट्रात पायविहिरीला खरा प्रतिस्पर्धी निर्माण झाला तो नारूमुळे नव्हे, दुष्काळामुळे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आणि बारवा कोरड्या पडल्या, तेव्हा कठीण खडकात खोल भोके पाडणारी यंत्रे युनिसेफच्या साहाय्याने गावोगाव फिरू लागली. बोअरवेल खोदता आली तरी वर बसविलेला बिडाचा हातपंप, एका कुटुंबासाठी घडविलेला, सबंध गावाच्या वापराखाली महिन्या दोन महिन्यांत मोडून पडे. यावर तोड निघाली ती मराठी मुलखातच. जालना आणि सोलापूर येथील मिशनांच्या कार्यशाळांत पोलादाचे, साखळीचे, दणकट पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप आकारास आला आणि आशिया, आफ्रिका दोन्ही खंडांत पसरला. या पंपाच्या इतिहासात सोलापूरचे नाव जेवढे यावे तेवढे येत नाही. चादरींमुळे त्या शहराची कीर्ती झाली, ती यथार्थच आहे. पण ज्या आयाबहिणींना साथीच्या पाण्यात उतरावे लागले नाही त्यांचे ऋण पंपाकडे अधिक आहे.

१९८३-८४ साली केंद्र सरकारने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे त्याची सूत्रे होती. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू अशी सात राज्ये बाधित होती. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रोगी नोंदले गेले. कामाची रीत जर्मन मांसतपासनिसांची आठवण करून देणारी होती. आरोग्यसेवकाने ठराविक अंतराने प्रत्येक बाधित गावात घरोघर जावयाचे, कृमीचे चित्र दाखवून विचारावयाचे, रोगी आढळला तर मलमपट्टी करून त्याला विहिरीपासून दूर ठेवावयाचे, पाणी गाळण्याचे फडके द्यावयाचे. विहिरीत टेमेफॉस हे औषध दर लिटर पाण्यास एक मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणात टाकावयाचे, म्हणजे सायक्लॉप्स मरतो आणि पाणी पिण्यास बाध येत नाही. पायविहिरींना कठडे बांधून त्यांचे आड करावयाचे, आणि पाणीपुरवठा खात्याने बाधित गावांना नव्या बोअरवेलसाठी अग्रक्रम द्यावयाचा. आरोग्य आणि पाणीपुरवठा ही दोन खाती एका यादीवरून काम करताहेत, हे दृश्य ज्यांनी कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना नारूच्या नाहीसे होण्याइतकेच अपूर्व वाटावे.

रोगी कमी होऊ लागले तसे काम सोपे न होता अवघड झाले. हजार रोगी असतात तेव्हा ते शोधावे लागत नाहीत. दहा उरले म्हणजे प्रत्येकाच्या मागे मैलोगणती चालावे लागते. रोग्याची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. दक्षिणेकडील राज्ये मोकळी झाली, महाराष्ट्र मोकळा झाला, आणि शेवटी राजस्थानचे वाळवंट उरले. भारतातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. त्यानंतर सलग तीन वर्षे एकही रोगी न आढळल्याची खात्री करून जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

जगातून मात्र नारू अद्याप गेलेला नाही. १९८६ साली सुमारे ३५ लाख माणसे दरवर्षी त्याने पीडित होत असा अंदाज होता. २०२४ मध्ये साऱ्या जगात मिळून १५ रोगी आढळले. ही संख्या शून्यावर यावयास अडते ती एका अनपेक्षित कारणाने. आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांना नारू होत असल्याचे दिसून आले, आणि माणसांपेक्षा कुत्र्यांतील संख्या कितीतरी अधिक निघाली. चित्रदुर्गच्या मूर्तींनी प्रयोगशाळेत जे घडवून दाखविले होते ते चारी नदीच्या काठी आपोआप घडत होते. आता तेथील गावांत कुत्री साखळीला बांधून ठेवणाऱ्यांना पैसे दिले जातात, आणि माशांची आतडी कुत्र्यांपुढे न टाकता पुरून टाकण्यास सांगितले जाते.

आज वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मराठी डॉक्टराने नारू पाहिलेला नसतो; परीक्षेपुरते त्याला त्याचे लॅटिन नाव ठाऊक असते. बारवांचीही स्थिती पालटली आहे. कित्येक बुजल्या, कित्येकींत कचरा साचला. गेल्या काही वर्षांत मात्र गावोगावचे तरुण गाळ उपसून त्या मोकळ्या करीत आहेत, नकाशे आणि मोजमापे घेत आहेत, आणि महाशिवरात्रीच्या रात्री त्यांच्या पायऱ्यांवर पणत्या लावीत आहेत. पिण्याचे पाणी वर नळाला येते. पायऱ्या उतरून जाणारे आता कोनाड्यातील मूर्ती आणि भिंतीतला शिलालेख पाहतात, आणि कोरड्या पायांनी वर येतात.